माइकबाई धावणार

बसस्थानकावर त्या दिवशी चेंगराचेंगरी होता होता राहिली. तिला कारण आग नव्हती, बाँब नव्हता, उधळलेलं जनावरही नव्हतं. कारण होतं माइकबाईंना लागलेला दम.

माइकबाई म्हणजे स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या बाई. त्यांना दुसरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी वापरात येई. आवाज इतका गोड, की गाडी दोन तास उशिरा येणार असं त्यांनी सांगितलं तरी लोकांना आपल्यावर काहीतरी मेहेरबानी झाल्यासारखं वाटे. त्या आवाजावरून नवखे प्रवासी एखादी चवळीची शेंग डोळ्यांपुढे आणत. प्रत्यक्षात बाई चांगल्या ऐसपैस होत्या. माइकच्या खोलीतल्या खुर्चीचे दोन्ही हात त्यांनी सुताराकडून कापून घेतले होते, आणि कोणी विचारलंच तर 'कोपराला लागतात' असं सांगत. कोपराला लागत नव्हते हे खुर्चीला माहीत होतं, सुताराला माहीत होतं, आणि खरं म्हणजे अख्ख्या स्थानकाला माहीत होतं.

तर त्या दिवशी बाई कँटीनमध्ये चहाला बसलेल्या असताना एका गाडीचा फलाट ऐनवेळी बदलला. बाई उठल्या, घाईघाईने निघाल्या, आणि एका दमात जिना चढून खोलीत आल्या. तो एकच दम त्यांच्याकडे होता. तो जिन्यात संपला. त्यांनी माइकचं बटण दाबलं आणि म्हणाल्या,

"प्रवाशांनी... कृपया... लक्ष... द्यावे... फलाट... क्रमांक... तीनवर..."

पुढे शब्दच फुटेना. स्थानकाच्या सगळ्या कर्ण्यांमधून नुसता श्वास ऐकू येऊ लागला. धापा टाकणारा, घाबराघुबरा श्वास. फलाट क्रमांक तीनवर नेमकं काय आहे हे कळायला मार्ग नव्हता, पण जे काही आहे ते बघून बाईंची अशी अवस्था झाली असेल, तर तिथे थांबण्यात अर्थ नाही एवढं सगळ्यांना कळलं. तीनवरची माणसं दोनवर पळाली. दोनवरची एकवर. एकवर आधीच उभे होते ते बॅगा टाकून रस्त्यावर गेले. पायाला प्लास्टर घातलेले एक गृहस्थ त्या गर्दीत सगळ्यांच्या पुढे होते, असं नंतर चौकशीत निष्पन्न झालं. सुरक्षारक्षकाने वाळूची बादली आणली आणि धूर दिसेना म्हणून जवळच्या एका पेटाऱ्यावर ओतून मोकळा झाला.

"...गाडी लागली आहे," बाईंनी शेवटी वाक्य पूर्ण केलं. पण तोवर त्या गाडीत बसायला कोणी उरलं नव्हतं.

दार धाडकन उघडून वाहतूक नियंत्रक आत आले. हे गृहस्थ उंच, सडपातळ आणि स्वतःवर बेहद्द खूष होते. स्थानकावर त्यांना काडीसाहेब म्हणत. दरवर्षी ते शहराच्या दौडीत धावत, आणि तिथे मिळालेली पदकं त्यांनी टेबलामागे अशी लटकवली होती, की त्यांच्याशी बोलणाऱ्याला मान वर करून पदकांशीच बोलावं लागे.

"काय झालं बाई? कोणी पडलं? कोणी मेलं?"

"जिना... चढले," बाई म्हणाल्या.

काडीसाहेब आधी बघतच राहिले. मग हसायला लागले. हसता हसता त्यांनी टेबलाचा आधार घेतला. "एक जिना! अहो बाई, एका जिन्यात ही गत? तुम्ही आपलं बोलण्याचंच काम करा. पाय हलवायचं आम्हा लोकांवर सोडा."

आता, बाई स्वभावाने शांत. हजारो प्रवाशांचे हजारो तेच ते प्रश्न त्यांनी ऐकून घेतले होते. पण आपल्या वजनाबद्दल आपण बोलणं वेगळं आणि काडीने बोलणं वेगळं. त्या ताडकन उठल्या.

"काय समजता हो स्वतःला? मी धावू शकत नाही? यंदाच्या दौडीत मी धावणार! सगळीच्या सगळी दौड पुरी करणार! आणि तुमच्या पुढे असणार, तुमच्या! काडी कुठले!"

खोलीत शांतता पसरली. ती शांतता जरा जास्तच मोठी वाटली, म्हणून बाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. अख्खं स्थानक माना वर करून त्यांच्याकडे बघत होतं. मग कुठूनतरी एक टाळी वाजली, आणि पाठोपाठ टाळ्यांचा कडकडाट झाला. एका वाहकाने शिट्टी फुंकली. बाईंची नजर सावकाश माइकवर गेली. लाल दिवा जळत होता.

बाई घरी पोचण्याआधी बातमी घरी पोचली होती. बाईंच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना "हे वाचता येतं का? आणि हे?" एवढंच विचारून विचारून बाकीचं बोलणं त्यांनी जवळजवळ सोडून दिलं होतं.

"किती लांब असतं ते?" त्यांनी विचारलं.

"पाच किलोमीटर."

"बसने?"

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्म्यावर काही नव्हतं.

संध्याकाळपर्यंत इमारतीतले सल्लागार जमले. समोरच्या वहिनींनी सांगितलं, की धावताना श्वास फक्त नाकाने घ्यायचा. तोंड उघडलं की संपलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअरकाका म्हणाले, की छे, फक्त तोंडाने. नाकाने फार तर वास घ्यावा. त्यावरून दोघांत जुंपली. मग काकांनी कागद मागवून बाईंच्या गुडघ्यांची आकृती काढली. "हे बघा, हे पुलाचे खांब समजा. आणि हा जो वरचा भार आहे..." इथे त्यांनी कागदावर एक मोठा चौकोन काढला. बराच मोठा. बाई चौकोनाकडे बघत होत्या आणि काकांबरोबर आलेल्या काकू काकांकडे. काकांनी खोडरबर मागितलं आणि चौकोन थोडा लहान केला. वहिनी म्हणाल्या, सुरुवात उलटं चालण्यापासून करावी, त्याने पोट लवकर उतरतं. बाईंनी तिथेच चार पावलं उलटं चालून पाहिलं आणि यजमानांच्या चहावर जाऊन बसल्या. कप वाचला नाही. त्या दिवशीचा व्यायाम तेवढाच झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बाई निग्रहाने रस्त्यावर उतरल्या. ठरवलं होतं, की आज नुसतं चालायचं, पुलापर्यंत जायचं आणि यायचं. कोपऱ्यापर्यंत गेल्या असतील नसतील, तोच मागून बस आली आणि शेजारी थांबली. चालकाने डोकं बाहेर काढलं.

"माइकबाई? चालत का? गाडी बंद पडली काय घरची? या, या, बसा!"

"नको हो, मी मुद्दामच चालतेय."

"मुद्दाम कशाला चालायचं? आम्ही मेलोय का?"

मागे गाड्यांचे भोंगे वाजू लागले. बसमधले प्रवासी खिडक्यांमधून डोकावून "बसा हो, बाई, आम्हाला उशीर होतोय" म्हणू लागले. बाई बसल्या. पुढच्या थांब्यावर उतरल्या, तर मागची बस थांबली. त्या चालकाला पहिल्याचं कळलं होतं, आणि पहिल्याच्या बसमध्ये बसून आपल्या बसमध्ये न बसणं हा त्याला सरळसरळ अपमान वाटला. असं करत करत त्या सकाळी बाईंनी शहराला अर्धी प्रदक्षिणा घातली, ती सगळी बसून. घरी आल्या तेव्हा त्यांचं पाऊलसुद्धा दुखत नव्हतं.

"कसं झालं चालणं?" यजमानांनी विचारलं.

"गर्दी होती," बाई म्हणाल्या.

रस्ता बंद झाला. उरलं क्रीडामैदान. तिथे गोल धावपट्टी होती, झाडं होती, बसगाड्या नव्हत्या. पण फाटकापाशी एक खिडकी होती, आणि खिडकीत एक कारकून होता. बाई स्वतः सरकारी खात्यातल्या. खिडकीच्या आतल्या बाजूला आयुष्य गेलेलं. बाहेरच्या बाजूने खिडकी कशी दिसते हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"पास लागेल. पासासाठी डॉक्टरचा दाखला लागेल, धावायला योग्य म्हणून."

बाई डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं, रक्तदाब पाहिला, आणि दाखला पुढे सरकवायच्या ऐवजी मागे ओढला. "असा कसा देऊ? आधी थोडं चाला. रोज चाला. मैदानावर जा ना, छान जागा आहे. जरा दम वाढला की या, लगेच सही करतो."

बाई पुन्हा खिडकीशी. "डॉक्टर म्हणतात, आधी मैदानावर चाला, मग दाखला."

"दाखल्याशिवाय मैदानावर चालता येणार नाही."

"आणि चालल्याशिवाय दाखला मिळणार नाही."

"मग थोडक्यात, घरीच बसा," कारकुनाने सोपं करून सांगितलं.

बाई तशाच फाटकाशी उभ्या राहिल्या. रडू येत होतं, पण खिडकीसमोर रडायचं नाही हे त्यांनी वर्षानुवर्षं प्रवाशांना मनातल्या मनात बजावलेलं होतं. तेवढ्यात त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारे आजोबा कुत्र्याला घेऊन शेजारच्या छोट्या फाटकातून सरळ आत गेले. त्यांना कोणी हटकलं नाही.

"त्यांना पास नाही लागत?"

"ते कुत्रं फिरवायला आलेत. कुत्र्यांचं फाटक वेगळं. कुत्र्याला पास नसतो."

"आणि त्याच्याबरोबरच्या माणसाला?"

कारकुनाने नियमांची पुस्तिका चाळली. बऱ्याच वेळाने, जरा नाराज होऊनच, तो म्हणाला, "माणसाचा उल्लेख नाही."

त्या संध्याकाळी बाई आजोबांच्या दाराशी हजर झाल्या. आजोबांना स्वर्ग दोन बोटं उरला. या कुत्र्याने त्यांना वैताग आणला होता. कुत्र्याचं नाव गुंड्या. बिस्किटांवर वाढलेला, बसक्या बांध्याचा, आणि शरीराने बाईंचा धाकटा भाऊ शोभेल असा. मैदानावर चार झाडं ओलांडली की तो जमिनीवर पसरे आणि आजोबांनी त्याला उचलून घरी न्यावं म्हणून वाट बघे.

पहिल्या सकाळी त्याने बाईंनाही तीच वागणूक दिली. अर्ध्या फेरीत आडवा. बाईंनी गोंजारलं, दटावलं, शेवटी माइकच्या आवाजात सूचना दिली. गुंड्याने एक डोळा उघडून मिटला. उचलायलाच लागलं. धावपट्टीवरून सडसडीत माणसं भरभर जात होती आणि त्यांच्यामधून माइकबाई कुत्र्याला कडेवर घेऊन, घामाघूम, लालबुंद, पावलापावलाला थांबत फाटकाकडे येत होत्या. कारकून खिडकीतून बघत होता. "कुत्रं फिरवायचं असतं, बाई," तो म्हणाला, "उचलायचं नसतं."

बाईंना आदल्या दिवसापर्यंत वाटे, की लोक आपल्याला हसतील. आता हसले. हसून झालं आणि आपापल्या वाटेने गेले. एवढंच असतं होय, असं बाईंना वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या.

हळूहळू दोघांचा एक करार झाला. धावपट्टीच्या कडेने दिव्यांचे खांब होते. प्रत्येक खांबाशी थांबणं हा गुंड्याचा जन्मसिद्ध हक्क. तिथे तो हुंगे, विचार करे, आणि खांब पसंत पडला तर त्याचं काय करायचं ते करे. तेवढ्यात बाईंचा श्वास जागेवर येई. मग पुढच्या खांबापर्यंत चालायचं. नाकाने की तोंडाने हा प्रश्न बाईंनी केव्हाच सोडून दिला. जिथून मिळेल तिथून त्या हवा घेत होत्या.

धावणं मात्र अजून दूर होतं. आणि कदाचित दूरच राहिलं असतं, पण एके सकाळी मैदानाच्या पहारेकऱ्याने बाकावर आपला सँडविचचा डबा उघडला.

गुंड्याला इतक्या चपळाईने हलताना आजवर कोणी पाहिलं नव्हतं. आजोबांनी सांगितलं असतं तरी कोणी विश्वास ठेवला नसता. एका झेपेत सँडविच त्याच्या तोंडात होतं, आणि दुसऱ्या झेपेत तो धावपट्टीवर. पट्ट्याची वेटोळी बाईंच्या मनगटाभोवती होती. ती सोडवायला वेळ नव्हता. बाई ओढल्या गेल्या. आधी पाय फरफटले, मग ते आपोआप उचलले जाऊ लागले, एकामागून एक, धप धप धप.

"अरे थांब! मेल्या थांब!"

मागून पहारेकरी शिट्टी फुंकत येत होता. एक खांब गेला. दुसरा गेला. तिसऱ्याकडे गुंड्याने ढुंकूनही पाहिलं नाही. वळणावर बाईंच्या लक्षात आलं, की मागची शिट्टी ऐकू येत नाही. वळून पाहिलं, तर पहारेकरी कमरेवर हात ठेवून वाकला होता. पलीकडच्या बाजूला गुंड्या शेवटी थांबला आणि सँडविच संपवून शांतपणे तोंड चाटू लागला.

बाई त्याच्याशेजारी गवतावर मटकन बसल्या. छातीत भाता चालला होता. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. आणि त्या काजव्यांमधून एक विचार सावकाश वर आला. त्यांनी तो स्वतःशीच मोठ्याने म्हणून पाहिला.

"मी धावले."

गुंड्याने ढेकर दिली.

"अहो, मी धावले!" त्यांनी पहारेकऱ्याला ओरडून सांगितलं. तो अजून सरळ झाला नव्हता. "दिसलं," तो म्हणाला. बाईंनी त्याला कँटीनमधून नवं सँडविच आणून दिलं, आणि वर त्याचे आभार मानले. त्याला हा प्रकार शेवटपर्यंत कळला नाही.

त्यानंतर रोज एक खांब धावायचं आणि एक खांब चालायचं, असं सुरू झालं. कधी गुडघा कुरकुरला, कधी पोटऱ्यांत गोळे आले. एकदा बाई पहिल्याच खांबाला घरी परत आल्या आणि पांघरूण घेऊन झोपल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे यजमानांनी बाईंचे बूट दाराशी आणून ठेवले. मग एक खांब चालणं आणि दोन खांब धावणं झालं. गुंड्याच्याही अंगात कंबर नावाची गोष्ट दिसू लागली. बाईंचं वजन किती उतरलं म्हणाल, तर वहिनींच्या अपेक्षेच्या मानाने काहीच नाही. पण जिना चढून घोषणा केली तर आता फक्त घोषणाच ऐकू येत होती. डॉक्टरांनी नाडी धरली, भुवया उंचावल्या आणि दाखल्यावर सही केली. तो कारकुनासमोर ठेवून बाई त्या दिवशी मोठ्या फाटकातून आत गेल्या. गुंड्याला ते फाटक अजिबात आवडलं नाही.

दौड जवळ आली तशी स्थानकावर हवा तापली. काडीसाहेब येता जाता "काय बाई, निवृत्तीच्या आधी पोचाल ना शेवटपर्यंत?" असं विचारत. चालक-वाहकांचे दोन तट पडले होते, आणि खरं सांगायचं तर बाईंच्या तटात माणसं कमी आणि प्रेम जास्त होतं. आयोजकांनी दिलेला टीशर्ट सर्वांत मोठ्या मापाचा होता. बाईंच्या गळ्यातून खाली आला आणि खांद्यांवर विसावला, पुढे काही सरकेना. यजमानांनी तो घेतला, दुकानातल्या बारीक कामाला सरावलेल्या हातांनी दोन्ही कडा उसवल्या, आणि जुन्या पडद्याच्या दोन पट्ट्या जोडून दिल्या. पडद्यावर बदकं होती. अशा रीतीने दोन्ही कुशींना बदकं घेऊन माइकबाई दौडीच्या सकाळी उभ्या राहिल्या.

इशारा झाला आणि सगळे सुटले. काडीसाहेब तर बाणासारखे गेले. जाताना वळून त्यांनी हातही हलवला. मग तरुण गेले, म्हातारे गेले, बाबागाडी ढकलणारे एक गृहस्थ गेले, आणि गाडीतलं बाळ बाईंकडे टक लावून बघत बघत दूर गेलं. पहिल्या दोन खांबांतच बाईंच्या मागे कोणी उरलं नाही.

कोणी म्हणजे माणूस. गाडी होती. थकलेल्यांना गोळा करणारी रुग्णवाहिका शेवटच्या धावकाच्या मागे चालवायची असा नियम होता. शेवटच्या धावक बाई होत्या. त्यामुळे रुग्णवाहिका त्यांच्या पाठीला चिकटली, आणि तिचा चालक खिडकीतून बोलू लागला.

"ताई, बसता का?"

"नाही."

"आत पंखा आहे."

"असू दे."

"नाही, माझी काही घाई नाही. जेवायला जायचं होतं, पण जाऊ दे."

बाईंनी खांब मोजायला घेतले. दोन खांब धावायचं, एक चालायचं. बाजार मागे पडला. पुलाच्या चढावर बाबागाडीवाले गृहस्थ कठड्याला टेकून बसलेले दिसले. ते बाळासकट रुग्णवाहिकेत गेले. पुढे चौकात दोन कॉलेजातल्या मुली, मग फार जोरात सुटलेले एक बँकेतले साहेब, मग आणखी कोणी. आत जाताना प्रत्येकजण बाईंची नजर चुकवत होता. बाई कोणाकडे बघतही नव्हत्या. त्यांना पुढचा खांब तेवढा दिसत होता.

आणि मग एका खांबाशी, फूटपाथवर, पोटरी दोन्ही हातांनी आवळून काडीसाहेब बसलेले दिसले.

बाई थांबल्या नाहीत, पण हळू झाल्या. "काय झालं?"

"गोळा," काडीसाहेब दात आवळून म्हणाले. "बाई, स्थानकावर..."

"सांगत नाही," बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मागे दार उघडल्याचा आवाज आला. बंद झाल्याचा आला. बाईंच्या पावलांना काय झालं कोण जाणे, त्या वेळी त्या तीन खांब सलग धावल्या.

शेवटच्या टप्प्यात उतार सुरू व्हायच्या जरा आधी रुग्णवाहिकेने आचके दिले, वाफ सोडली आणि ती बंद पडली. सकाळभर पहिल्या गिअरमध्ये रांगून इंजिनाचा जीव मेटाकुटीला आला होता. चालकाने खाली उतरून बॉनेट उघडलं, मिटलं, आणि गाडीतल्या गर्दीला उद्देशून म्हणाला, "उतरा सगळे. धक्का मारावा लागेल."

बाई पुढे गेलेल्या. त्यांनी वळून पाहिलं. थकलेली, लंगडणारी माणसं गाडीला हात लावत होती आणि गाडी जागची हलत नव्हती. बाईंच्या मनात भलं-बुरं काय काय येऊन गेलं असेल, पण त्या परत आल्या. काडीसाहेबांना खांद्याने बाजूला सारून त्यांनी गाडीला पाठ लावली, पाय रोवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपलं सगळं वजन, एक किलोही न लपवता, कामाला लावलं.

गाडी हलली. सरकली. उताराला लागली. इंजिन खोकलं, गरजलं आणि सुरू झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गाडी मात्र थांबली नाही. थांबवली तर पुन्हा बंद पडेल या धास्तीने चालकाने तिला तशीच पुढे दामटली. हात बाहेर काढून तो काहीतरी ओरडला, आणि वळण घेऊन दिसेनासा झाला. जेवायला गेला असावा.

रस्त्यावर माणसं एकमेकांकडे बघत राहिली. बाबागाडीतलं बाळ रडायला लागलं.

"आता हो काय?" बँकेतले साहेब म्हणाले.

बाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "आता काय? चला. तो दिव्याचा खांब दिसतो ना? तिथपर्यंत धावायचं, हळू, बोलता येईल इतकं हळू. पुढच्यापर्यंत चालायचं. बाकी रस्त्याचा विचार करायचा नाही. काडीसाहेब, तुम्ही नुसतं चाला, टाच आधी टेका. हं, चला."

आणि ते निघाले. पुढे बदकांचा टीशर्ट, मागे ही सगळी वरात. बाई खांब पुकारत होत्या आणि माणसं त्या आवाजाबरोबर धावत होती, थांबत होती, पुन्हा धावत होती. दुकानदार दुकानांबाहेर आले. मुलींपैकी एक हसत हसत रडत होती.

शेवटच्या रेषेपाशी तोवर गोंधळ उडाला होता. रुग्णवाहिका रिकामी आलेली, आतले रुग्ण गायब. आयोजक चालकाला धरून उभे होते. दौड संपली असं समजून माणसांनी हवा भरलेल्या मोठ्या कमानीचं बूच काढलं होतं आणि ती एका बाजूने लवू लागली होती. तेवढ्यात वळणावरून बाईंची पलटण आली. यजमान कठड्याशी एकटेच उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि जन्मात कधी ओरडले नव्हते तसे ओरडले, "आली! अहो, कमान धरा, ती आली!"

रेषा समोर दिसताच काडीसाहेब लंगडत बाईंच्या बाजूला आले. "बाई, एक विनंती. एकदमच ओलांडू या का? हातात हात घालून. फोटोही छान येईल."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बिचारे खरंच दमले होते. चेहऱ्यावर धूळ होती, ओठ सुकले होते.

"फोटो मागाहून काढू," बाई म्हणाल्या. "मी माइकवर बोललेय."

आणि त्या सुटल्या. खांब नाही, थांबा नाही, शेवटचा सगळा रस्ता त्या धावल्या. बदकं दोन्ही बाजूंना हेलकावे खात होती, जमीन धप धप वाजत होती. लवलेल्या कमानीखालून किंचित वाकून बाई पलीकडे निघाल्या. त्यांच्या मागून काडीसाहेब आले, आणि नेमकी त्याच क्षणी उरलीसुरली हवा सोडून कमान त्यांच्या अंगावर बसली.

चौघांनी मिळून त्यांना कापडाखालून ओढून काढलं. केस विस्कटलेले, एक बूट आतच राहिलेला. ते जमिनीवर बसून वर बघू लागले. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. श्वास जोरात चालला होता, पण चालला होता, आणि बोलायला पुरून उरत होता.

"मानलं, बाई," काडीसाहेब म्हणाले आणि हात पुढे केला.

बाईंनी तो हात धरून त्यांना एका झटक्यात उभं केलं.

"उद्या सकाळी मैदानावर या," त्या म्हणाल्या. "सावकाश सुरू करू. थोडे दिवस दम लागेल. लागू द्या."